वृद्धाश्रम पाहावा तो रात्री

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात वृद्धाश्रमांची गरज वाढते आहे. त्यांच्या दर्जावर लक्ष ठेवणारी एकच यंत्रणा मात्र नाही

रविवारची सकाळ. मोशी-आळंदी रस्त्यावरच्या एखाद्या वृद्धाश्रमाच्या फाटकाशी मोटार थांबते. मुलगा, सून आणि मागच्या आसनावर आई. कार्यालयात चहा येतो. भिंतीवर दिवाळी-संक्रांतीची छायाचित्रे लावलेली असतात, अंगणात तुळस असते, कोपऱ्यात गणपतीचे लहानसे देऊळ असते. खोली दाखविली जाते. चादरी धुतलेल्या, खिडकीबाहेर हिरवळ. तासाभरात निर्णय होतो आणि अनामत रकमेचा धनादेश लिहिला जातो. या तासाभरात न्हाणीघराचे दार आत उघडते की बाहेर, हे कोणी पाहत नाही. रात्री मुक्कामाला किती कर्मचारी असतात, हेही बहुधा विचारले जात नाही.

वृद्धाश्रमाची खरी परीक्षा रविवारी सकाळी होत नाही. ती रात्री दोन-अडीचच्या सुमारास होते. रक्तदाबाच्या गोळीमुळे लघवीला वारंवार उठावे लागते, झोपेच्या गोळीचा अंमल उतरलेला नसतो, पलंगावरून एकदम उठल्याने रक्तदाब खाली जातो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दिव्याचे बटण हाताला लागत नाही. न्हाणीघराची फरशी ओली असते. अशा वेळी हाक मारली तर ऐकणारे कोणी आहे का, या एका प्रश्नाच्या उत्तरात सुरक्षिततेचे आणि सोयीचे बहुतेक सारे निकष सामावलेले आहेत.

कारखान्यांच्या गावाचे उतारवय

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो १९५४ मध्ये. पुढच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले, आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथे भोंगे वाजू लागले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश आणि कोकणातून तरुण माणसे येथे आली, तीन पाळ्यांत राबली, कर्ज काढून दोन खोल्यांची घरे घेतली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली होती. त्या पहिल्या पिढीतले कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तरुणांचे शहर म्हणून ज्याची ओळख, त्या शहराला वार्धक्याची सवय नाही.

गावाकडचे घर भावकीत वाटले गेलेले, मुलगा हिंजवडीत रात्रपाळीला किंवा थेट परदेशात, सून नोकरीला, आणि घरात आजारी माणसाच्या पलंगासाठी जागा नाही, अशी परिस्थिती येथील असंख्य कुटुंबांची आहे. त्यांना 'आईबापांना टाकणारे' ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दिवसभर बंद सदनिकेत एकटे राहणाऱ्या वृद्धाची सुरक्षितता ही चांगल्या वृद्धाश्रमापेक्षा अधिक असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही.

पैशाचा प्रश्न याहून बिकट आहे. कारखान्यातील कामगाराला मिळते ते कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ या योजनेखालील निवृत्तिवेतन. ही योजना सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ रोजी. निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या पगारावर २०१४ पर्यंत साडेसहा हजारांची मर्यादा होती, नंतर ती पंधरा हजार झाली. पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे, असे हे सूत्र. पंधरा हजार पगार आणि पस्तीस वर्षांची नोकरी धरली तरी हाती येतात साडेसात हजार. त्याआधी निवृत्त झालेल्या अनेकांची रक्कम याहून फार खाली आहे; २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन एक हजार रुपये ठरविण्यात आले, यावरूनच काय ती कल्पना यावी. खासगी वृद्धाश्रमाचे मासिक शुल्क या रकमेत बसत नाही. परिणामी कुटुंब परवडणारी जागा शोधते, आणि परवडणाऱ्या जागेत काटकसर होते ती नेमकी डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत: रात्रीचा कर्मचारी, जनरेटर, आग विझविण्याची साधने.

परवाना कोणाचा?

हॉटेल काढायचे तर परवाना लागतो. मग वृद्धाश्रमाला कोणता परवाना लागतो? या साध्या प्रश्नाचे उत्तर साधे नाही.

महाराष्ट्र शासनाने वृद्धाश्रमांसाठी अनुदानाची योजना १९६३ मध्येच आणली. १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. अनुदान घेणाऱ्या संस्थेची समाजकल्याण विभागाकडून तपासणी होते. पुण्याला तर याहून जुनी परंपरा आहे. नवी पेठेतील 'निवारा' या संस्थेचे मूळ १८६३ मधील डेव्हिड ससून यांच्या नावाच्या संस्थेपर्यंत जाते. परंतु अनुदान न घेता, भाड्याच्या बंगल्यात किंवा शेतघरात चालविल्या जाणाऱ्या खासगी वृद्धाश्रमांचे काय? संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर ती धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येते. पण तेथे तपासले जातात ते हिशेब, न्हाणीघरे नव्हेत. कंपनी किंवा एकमालकी व्यवसाय असेल तर तेवढेही नाही.

२००७ मध्ये संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. महाराष्ट्राने तो २००९ मध्ये लागू केला आणि २०१० मध्ये त्याखालील नियम केले. मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारा कायदा म्हणून तो लोकांना माहीत आहे. त्यातील एकोणिसावे कलम मात्र वृद्धाश्रमांविषयी आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम शासनाने टप्प्याटप्प्याने काढावा, अशी त्यात कल्पना आहे. कल्पनाच म्हणायची, कारण कायद्याचा शब्द 'काढील' असा नसून 'काढू शकेल' असा आहे. या एका क्रियापदाने शासनाला मोठी सवलत दिली आहे. माजी कायदामंत्री अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी निर्णय दिला, तेव्हा कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून मिळवा, असा आदेश केंद्राला द्यावा लागला. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर मोजणीपासून सुरुवात, अशी ही स्थिती होती.

निकष अजिबात नाहीत असे मात्र नाही. केंद्राने राज्यांना मार्गदर्शक म्हणून दिलेल्या आदर्श नियमांच्या परिशिष्टात ते आहेत आणि वाचण्यासारखे आहेत. शयनगृहात दर माणशी किमान साडेसात चौरस मीटर जागा. स्वयंपाकघर, भोजनगृह, करमणुकीची व औषधोपचाराची खोली धरून, पण व्हरांडे व बोळ वगळून, दर माणशी बारा चौरस मीटर. स्त्री-पुरुषांची स्वतंत्र व्यवस्था, अपंगांना वापरता येतील अशी शौचालये, उतरण, कठडे, गरज तेथे लिफ्ट, थंडीचे कपडे, पहारा, आणि जवळच्या शासकीय रुग्णालयाशी व पोलीस ठाण्याशी आधीच लावून ठेवलेला संपर्क. साडेसात चौरस मीटर म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट. दहा बाय बाराच्या, म्हणजे एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीत या हिशेबाने दीड माणूस बसतो. त्या खोलीत तीन किंवा चार पलंग दिसले तर काय समजायचे, ते वाचकांनी ठरवावे. मात्र हे परिशिष्ट निराधारांसाठीच्या वृद्धाश्रमांचे आहे. शुल्क घेणाऱ्या खासगी आश्रमावर त्याची सक्ती नाही. दानावर राहणाऱ्या वृद्धासाठी कागदावर मापे आहेत आणि पैसे मोजणाऱ्यासाठी नाहीत, हा विरोधाभास गमतीचा नसून गंभीर आहे.

ओली फरशी आणि एक इंच उंबरा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार पासष्टीपुढील २८ ते ३५ टक्के व्यक्ती दर वर्षी किमान एकदा पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जाते. तरुण माणूस पडला तर खरचटते. पंच्याहत्तरीच्या बाईचे खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, अंथरुणामुळे फुफ्फुसाचा संसर्ग किंवा पाठीला जखमा, अशी ती साखळी पुढे जाते. म्हणूनच वृद्धाश्रमातील सर्वांत महत्त्वाची खोली कोणती, असे विचारल्यास प्रार्थनागृह किंवा भोजनगृह हे उत्तर चूक ठरेल. न्हाणीघर हे बरोबर उत्तर.

नगरविकास खात्याच्या अडथळामुक्त बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी नेमकी मापे दिलेली आहेत. दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटिमीटर, म्हणजे चाकांची खुर्ची आत जाऊ शकेल. कमोडची बैठक जमिनीपासून पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. त्याहून खाली असल्यास गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत पक्की बसविलेली दांडी. टॉवेल अडकविण्याची दांडी त्या कामाची नव्हे; अंगाचा भार पडताच ती स्क्रूसकट बाहेर येते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगानेच आत उघडणारे दार अडते आणि मदतीला आलेल्याला ते ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही काढता आली पाहिजे. उतरणीचा चढ एकास बारा असावा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. दीड-दोन फूट उंच जोत्याला चार फुटांची सिमेंटची घसरगुंडी करून 'रॅम्प आहे' असे सांगण्याची प्रथा सर्वत्र दिसते. तिच्यावरून चाकांची खुर्ची चढविता येत नाही, उतरविताना मात्र ती आपोआप उतरते.

प्राधिकरणातील किंवा चिखली-मोशीतील बंगला भाड्याने घेऊन आश्रम सुरू केला की पहिली अडचण येते ती न्हाणीघराच्या उंबऱ्याची. पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला एक-दोन इंचांचा तो दगड निरोगी माणसाला दिसतही नाही. पाय घासत चालणाऱ्याला मात्र तो अडखळवतो. दुसरी अडचण चकचकीत फरशीची. घरमालक भिंतीत दांड्या ठोकू देत नाही, फरशी बदलू देत नाही. आश्रम चालविणाऱ्याची इच्छा असूनही जागा भाड्याची असल्याने हात बांधलेले राहतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा असेल तर कोण खर्च करणार?

गरम पाण्याविषयीही थोडे सांगावयास हवे. वृद्धांची कातडी पातळ असते आणि चटका जाणवायला वेळ लागतो. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजू शकते. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि हात घालून पाहण्याचे काम कर्मचाऱ्याचे. सिलिंडरवर चालणारा गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल, तर तो आश्रम इतर सर्व बाबतींत उत्तम असला तरी ती त्रुटी जीवघेणी आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असा गिझर बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

कुलूप आणि किल्ली

आगीचा विषय निघाला की भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बोट दाखविले जाते. प्रश्न नळकांड्याचा नाही. ज्यांना स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही अशा माणसांना धुरातून बाहेर कोण आणि कोणत्या वाटेने काढणार, हा आहे. १ जानेवारी २०२३ रोजी पहाटे दिल्लीतील ग्रेटर कैलास भागातील एका वृद्ध सेवागृहाला आग लागली आणि दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. त्याआधी ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगरमधील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीने अकरा रुग्णांचा बळी घेतला होता. दोन्ही ठिकाणी माणसे अशी होती की ज्यांना धावणे शक्य नव्हते.

राष्ट्रीय इमारत संहितेने वृद्ध व दुर्बलांची निवासस्थाने साध्या घरांत न मोजता संस्थात्मक इमारतींच्या वर्गात घातली आहेत, ती याच कारणासाठी. बंगल्याचा आश्रम झाला की त्याचा वर्ग बदलतो, जिन्याच्या रुंदीपासून बाहेर पडण्याच्या वाटांपर्यंतचे नियम बदलतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये तसे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावयाचे असते. वृद्धाश्रमात गेल्यावर हे शेवटचे प्रमाणपत्र दाखवा, असे म्हणण्याचा संकोच करू नये. तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यातील आगीत कामगार महिलांचे प्राण गेले, तेव्हापासून या शहराला परवानगी नसलेल्या जागेची किंमत सांगण्याची गरज उरलेली नाही.

येथेच वृद्धाश्रमाच्या व्यवस्थेतील सर्वांत अवघड पेच समोर येतो. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा रात्री उठून 'पाळीची वेळ झाली' म्हणत बाहेर चालू लागतात. रस्त्यावर कंटेनरांची रहदारी असते. म्हणून सरकत्या लोखंडी जाळीला रात्री कुलूप लावले जाते. हेतू चांगला. पण आग लागली तर तेच कुलूप सापळा ठरते, विशेषतः किल्ली खालच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या उशाखाली असेल तर. कुलूप नको म्हणावे तर माणूस हरवतो, हवे म्हणावे तर माणसे कोंडली जातात.

याला उपाय आहे. तो महाग नाही, पण त्यासाठी माणूस जागा ठेवावा लागतो. दार उघडताच वाजणारी घंटी काही शे रुपयांत मिळते. कुलूप लावायचेच असेल तर प्रत्येक मजल्यावर काचेच्या पेटीत किल्ली आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याच्या कमरेला दुसरी. चालू न शकणाऱ्यांना तळमजल्यावर आणि दाराजवळच्या खोलीत ठेवणे हा तर निव्वळ व्यवहार आहे. तरीही वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खोल्या अंथरुणाला खिळलेल्यांना दिल्या जातात, कारण 'ते कुठे खाली उतरणार आहेत!' रात्रपाळीचा कर्मचारी म्हणजे दिवसभर काम करून तेथेच झोपणारी मावशी नव्हे, हेही स्पष्ट करून घ्यावे.

हद्दीचा घोळ

या पट्ट्याची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. मोशी-चऱ्होलीपर्यंत महापालिका. पलीकडे आळंदी आणि चाकण या नगरपरिषदा. मधली गावे ग्रामपंचायतींची, त्यांच्या बांधकामांची परवानगी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि औद्योगिक क्षेत्रापुरता कारभार औद्योगिक विकास महामंडळाचा. एका रस्त्यावरचे तीन वृद्धाश्रम तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या हद्दीत असू शकतात. 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर त्यामुळे सहज मिळते.

गुरुवार हा येथील उद्योगांच्या सुट्टीचा वार आणि म्हणून महावितरणच्या दुरुस्तीचाही. प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते, हवेची गादी विजेवर चालते, लिफ्टही. गुरुवारी दुपारी आश्रमाला भेट दिल्यास जनरेटर आहे की नुसते इन्व्हर्टरवर भागविले जाते, ते न विचारता कळते. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाचे कपडे आणि चादरी धुण्यास किती पाणी लागते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. टँकरवर चालणाऱ्या आश्रमात पहिली काटकसर आंघोळीची होते. इंद्रायणी-पवनेच्या काठची 'निसर्गरम्य' जागा असेल तर निळ्या पूररेषेची चौकशी आवश्यक आहे. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतील छत्तीस बंगले पाडण्यात आले. पूररेषेत मोडणाऱ्या आश्रमाचे भवितव्य वेगळे असण्याचे कारण नाही.

रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. शहरी भागात वीस आणि ग्रामीण भागात तीस मिनिटांत पोहोचणे हे तिचे उद्दिष्ट. परंतु चाकणच्या तळेगाव चौकात सायंकाळी अडकलेल्या कोणालाही या मिनिटांचा भरवसा वाटणार नाही. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय तेथून दूर आहे. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातला एक तास रस्त्यात गेला तर हानी कोणाची, ते सांगायला नको. जवळच्या कोणत्या रुग्णालयाशी लेखी ठरलेले आहे, आश्रमाचे स्वतःचे वाहन रात्री असते का, आणि ते चालविणारा कोण, एवढी विचारपूस पुरेशी आहे.

आजारी पडल्यावर काय?

बहुतेक आश्रमांचा नियम असतो की प्रवेशाच्या वेळी व्यक्ती स्वतःची कामे स्वतः करणारी हवी. ठीक आहे. पण ऐंशी वर्षांचा माणूस दोन-तीन वर्षांनी तसाच राहील, ही अपेक्षा कोणी धरावी? तो अंथरुणाला खिळला की काही आश्रम 'घेऊन जा' म्हणतात, काही शुल्क दुप्पट करतात, आणि काही कोणतीही तयारी नसताना ठेवून घेतात. तिसरा प्रकार सर्वांत दयाळू दिसतो आणि सर्वांत धोक्याचा असतो. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाकातील नळीतून अन्न देताना डोके उंच नसेल तर ते फुफ्फुसात जाते. ही कामे माया असलेल्या पण न शिकलेल्या मावशींवर सोपविणे अन्यायाचे आहे. मावशींवरही आणि आजींवरही.

कायद्याच्या दृष्टीने तर येथे नवीच बाजू उघडते. १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमात शुश्रूषागृहाची व्याख्या आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करण्याची जागा, अशी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार व मनःस्थितीबरोबर भान आणि स्मरणशक्ती यांच्या गंभीर बिघाडाचाही समावेश केला आहे. म्हणजे नळी लावलेले रुग्ण किंवा स्मृतिभ्रंशाचे रुग्ण सांभाळणारी जागा 'आम्ही फक्त वृद्धाश्रम आहोत' असे म्हणून या दोन्ही कायद्यांच्या नोंदणीबाहेर राहू शकते का, हा प्रश्न विचारण्यास जागा आहे. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आत काय केले जाते, यावर व्याख्या ठरते.

म्हणून करार वाचणे महत्त्वाचे. अनामत किती दिवसांत परत मिळेल, शुल्क वर्षाला किती वाढेल, औषधे-डायपर-रुग्णवाहिका शुल्कात धरली आहेत की वेगळी, आजार वाढल्यास किती दिवसांची मुदत मिळेल, रुग्णालयात सही कोण करील, हे सारे लेखी हवे. शुल्क घेऊन सेवा दिली जाते तेथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. लेखी करार असेल तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे बोलता येते. तोंडी आश्वासनाला तेथे किंमत नाही.

सोय कशाला म्हणावे

सुरक्षिततेच्या नावाखाली सोय हिरावली जाते, असेही घडते. पडू नये म्हणून दिवसभर पलंगावर बसविणे, ठसका लागू नये म्हणून सगळ्यांना पातळ खिचडी, गोंधळ नको म्हणून संध्याकाळी सातलाच दिवे बंद. चाळीस वर्षे भोंग्यावर उठलेल्या माणसाला निदान चहाची वेळ स्वतः ठरविता यावी. स्वतःच्या किल्लीचे कपाट, पलंगाशेजारी दिवा आणि घंटा, आपल्या भाषेचे वृत्तपत्र, आंघोळ घालताना ओढलेला पडदा, खोलीतला सोबती बदलून मागण्याची मुभा. यांतली एकही गोष्ट खर्चिक नाही. जेवणाविषयी एवढेच, की दूध, डाळ, अंडे यांतून मिळणारी प्रथिने वृद्धांना तरुणांपेक्षा कमी लागत नाहीत, आणि सायंकाळी साडेसहाला जेवण उरकून सकाळी आठपर्यंत उपाशी ठेवणे मधुमेह्याला धोक्याचे आहे.

भेटीची वेळ हा निकष आवर्जून तपासावा. कोणत्याही वेळी, न कळविता आलेल्या नातेवाइकाला जो आश्रम आत घेतो, त्याच्याकडे लपविण्यासारखे फारसे नसते. करोनाकाळात फाटके बंद होती, ते समजण्यासारखे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना लागण झाली होती. मात्र तेव्हाचे निर्बंध काही ठिकाणी सोयीचे म्हणून मागे राहिले असतील, तर त्याला संसर्गाचे कारण देता येणार नाही.

तपासणी कोण करणार?

इंग्लंडमध्ये 'केअर क्वालिटी कमिशन' ही संस्था वृद्धनिवासांची तपासणी करते आणि उत्कृष्ट, चांगले, सुधारणा आवश्यक व अपुरे अशा चार श्रेणींत त्यांची वर्गवारी जाहीर करते. अहवाल कोणालाही वाचता येतो. अमेरिकेने शुश्रूषागृहांतील रहिवाशांच्या हक्कांचा कायदा १९८७ मध्ये केला. तेथेही गैरप्रकार होतात. फरक इतकाच, की ते कोठे झाले हे शोधायला जागा आहे.

भारतात असा प्रयत्न झाला नाही असे नाही. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ज्येष्ठांच्या सर्व सेवागृहांची नोंदणी, त्यांना किमान निकष आणि निर्वाहखर्चाची दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा काढून टाकणे, अशा तरतुदी त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यानंतर ते मंजुरीपर्यंत पोहोचलेच नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याबरोबर रद्द झाले. निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती सदनिका विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी आहेत. महाराष्ट्राचे ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ मध्ये मंजूर झाले, २०१८ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. धोरण आणि तपासणी अधिकारी यांत जे अंतर असते, ते येथेही आहे.

राज्याला केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या कलमाची दुसरी बाजू राज्य शासनाला वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचे निकष ठरविण्याचा अधिकार देते. महापालिकेलाही आपल्या हद्दीतील अशा जागांची यादी करून अग्निशमन आणि आरोग्य विभागांची एकत्र पाहणी करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तोवर तक्रारीच्या वाटा विखुरलेल्या आहेत. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. मारहाण, कोंडून ठेवणे, पैसे काढून घेणे यांसाठी पोलीस ठाणे. आगीच्या साधनांसाठी अग्निशमन विभाग, शुल्काच्या वादासाठी ग्राहक आयोग, न्यासाच्या कारभारासाठी धर्मादाय आयुक्त, अनुदानित संस्थेसाठी समाजकल्याण विभागाचे सहायक आयुक्त. मुले शुल्क भरीनाशी झाली तर प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि तो साधारणतः नव्वद दिवसांत निकाली निघणे अपेक्षित आहे.

प्रवेशाच्या कागदांत आणखी एक जागा पाहावी. बहुतेक अर्जांवर 'पालक' म्हणून मुलाची किंवा मुलीची सही असते, जामीनदाराची असते, डॉक्टरांच्या दाखल्यावर डॉक्टरांची असते. जी व्यक्ती तेथे राहणार आहे तिच्या स्वतःच्या सहीसाठी रकाना आहे का आणि सही करण्यापूर्वी तिला अर्ज वाचून दाखविला गेला का, हे चहा संपण्याआधी विचारावे.